फ्लॅशशिवाय कोळ्यांचे फोटो: साताऱ्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पाऊस ओसरला की सातारा परिसरात जाळ्यांचे दिवस सुरू होतात. पावसाच्या तोंडाला नजरेत न भरणारी कोळ्यांची पिल्लं सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पूर्ण वाढलेली असतात. गवत कमरेला लागतं, किडे मुबलक असतात, आणि बांधावर, तारेच्या कुंपणावर, घायपाताच्या पानांमध्ये कुणी ना कुणी जाळं टाकून बसलेलं असतं. तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ शिकायला सगळ्यात चांगला. नव्याने फोटो काढणाऱ्याची अडचण मात्र बहुतेक वेळा एकच असते. डोळ्यांना लखलखीत दिसलेलं जाळं फोटोत येतच नाही. मागचं गवत येतं, आकाश येतं, आणि मधोमध एक धूसर ठिपका.

दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो. कोळ्याचा धागा माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. तो दिसायला दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: धाग्यावर मागून किंवा बाजूने पडणारा उजेड, आणि धाग्याच्या पाठीमागे अंधार. पैकी उजेडाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, अंधाराकडे कुणाचंच नसतं. म्हणून मी नवीन माणसाला आधी सावली शोधायला सांगते. जाळं त्यानंतर.

फ्लॅश मी वापरत नाही. फ्लॅशने जाळं पांढऱ्या तारेसारखं सपाट दिसतं आणि त्याच्या भोवतीची सकाळ फोटोतून पुसली जाते. उन्हात त्याच धाग्यावर निळे, हिरवे, तांबडे रंग खेळतात. ते फुकट मिळत असताना घालवायचे कशाला?

कधी निघायचं

ऑक्टोबरच्या मध्यात साताऱ्यात सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, डिसेंबरअखेर सातच्या सुमारास. उगवण्याआधी अर्धा तास जागेवर पोचलेलं असावं. कारण साधं आहे. गोल जाळी विणणारे बरेच कोळी रात्रीचे कामकरी असतात. संध्याकाळी जाळं विणतात, रात्रभर शिकार करतात आणि पहाटे ते जाळं गुंडाळून खाऊन टाकतात. त्यातली प्रथिनं त्यांना दुसऱ्या दिवशीच्या धाग्यासाठी पुन्हा वापरता येतात. नऊ वाजता डबा घेऊन निघालेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही.

दवाची सकाळ हवी असेल तर आदल्या रात्री अंगणात येऊन वर बघा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि अंगाला गारवा जाणवतोय, तर सकाळी दहिवर पडणार हे धरून चाला. ढगाळ रात्री दव धरत नाही, वाऱ्याच्या रात्रीही नाही. उंच माळापेक्षा नदीकाठच्या सखल रानात ते जास्त असतं, कारण रात्री गार हवा उतारावरून खाली येऊन साचते. माहुलीच्या बाजूला कृष्णा-वेण्णेच्या काठाने किंवा उरमोडीच्या कडेने नोव्हेंबरात पहाटे चालून बघा. एरवी नजरेत न येणारी जाळी बांधाच्या गवतावर चादरी वाळत घातल्यासारखी पसरलेली दिसतात. ऊन थेट पडू लागलं की तासाभरात दव उडून जातं, त्यामुळे कुठलं जाळं आधी घ्यायचं हे अंधारातच ठरवून ठेवावं.

पावसाळ्यातही जाता येतं, पण यवतेश्वरच्या वर जुलै-ऑगस्टमध्ये वारा आणि भुरभुर इतकी असते की जाळं स्थिर राहत नाही. नवख्याने त्या दिवसांत घरातल्या आणि परड्यातल्या कोळ्यांवर हात बसवावा.

सोबत काय घ्यायचं

मोबाइल असेल तर मोबाइल. खरंच. जाळ्याच्या फोटोसाठी तो पुरतो. लहान कोळ्याच्या चेहऱ्यासाठी क्लिपने लावायची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठा फोटो घेणारी) स्वस्तात मिळते आणि सुरुवातीला कामाला येते. कॅमेरा असेल आणि मॅक्रो लेन्स नसेल, तर आहे त्याच लेन्सला एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावा किंवा पुढे क्लोज-अप लेन्स (भिंगासारखी जोडकाच) बसवा. नवी मॅक्रो लेन्स घ्यायचीच झाली तर ९० ते १०५ मिलिमीटरची घ्या. ती लांबून फोटो घेऊ देते, आणि लांब राहणं कोळ्याच्या बाबतीत फार महत्त्वाचं.

यापेक्षा मोलाच्या वस्तू घरात असतात. काळी छत्री: जाळ्याच्या मागे दोन-तीन फुटांवर उघडून धरली की पाठीमागे आयता अंधार तयार होतो, तोही जाळ्याला न शिवता. छत्रीवर ऊन पडणार नाही इतकी तिरकी धरा, नाहीतर काळं कापडही करडं दिसतं. वहीचं कोरं पांढरं पान: कोळ्याच्या सावलीतल्या बाजूला उजेड परतवायला. बटर पेपरचा एक तुकडा: कडक ऊन मऊ करायला. अर्धा किलो ज्वारी भरलेली शिवलेली पिशवी: जमिनीवर कॅमेरा टेकवायला. तिपाई (ट्रायपॉड) बांधावर नीट उभी राहत नाही आणि तिचा पाय कुठल्या ना कुठल्या आधाराच्या धाग्यात जातो, म्हणून मी ती घरी ठेवते. गुडघ्याखाली टाकायला गोणपाट मात्र विसरू नका.

कुठे शोधायचं

लांब जायची गरज नाही. साताऱ्यातल्या माणसाला अजिंक्यताऱ्याचा शहराकडचा उतार आहे, चार भिंतीकडे चढणारा रस्ता आहे, कुरणेश्वरचा परिसर आहे, महादरे तलावाच्या बाजूची झाडी आहे. रस्त्याकडेची घाणेरी, कोरफड, घायपात, मेंदीचं कुंपण यांच्यात जमिनीपासून गुडघा ते छाती या उंचीत बघत चला. चालायचं हळू, आणि उन्हाकडे तोंड करून. सूर्य पाठीशी ठेवून चाललात तर शेजारून गेलेलं जाळंही दिसणार नाही.

पहिल्या दिवशी भेटेल अशी बहुधा सिग्नेचर स्पायडर, म्हणजे आर्जिओपी. पाठीवर पिवळे-करडे पट्टे, आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांत चार दिशांना ताणलेले, डोकं खाली करून जाळ्याच्या मधोमध बसलेली मादी. पायांच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी, पुष्कळदा फुलीसारखी. ही नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. किडे आकर्षित करायला असं काही म्हणतात, पक्ष्यांना जाळं दिसावं आणि ते मोडू नये म्हणून असं दुसरे म्हणतात. फोटोच्या दृष्टीने मात्र ती नवख्याची सोयरी आहे: दिवसा जागेवर बसते, आकाराने मोठी असते, आणि जमेल त्या दिवशी त्याच झुडपात पुन्हा सापडते.

निवडुंगावर आणि घायपातावर तंबूसारखी जाळी दिसतील. मधे बारीक विणीचा घुमट, वर-खाली धाग्यांचं जंजाळ. हा सायर्टोफोरा. याचं जाळं चिकट नसतं आणि रोज नवं विणलं जात नाही, दिवसेंदिवस तेच राहतं. म्हणून सरावाला उत्तम. आज सकाळी, उद्या संध्याकाळी, वेगवेगळ्या बाजूंनी तेच जाळं घेऊन बघा, उजेडाचं अर्धं गणित तिथेच सुटेल.

गवतावर पसरलेली चादर आणि तिच्या एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखं भोक दिसलं तर तो हिप्पासा. हा नरसाळ्याच्या तोंडाशी बसलेला असतो. तुमच्या पावलाचा हादरा बसला की आत जातो. तिथेच गोणपाटावर बसून राहा, हालचाल करू नका, बहुतेक वेळा काही मिनिटांत तो पुन्हा तोंडाशी येतो. चालत्या माणसाला हा फोटो मिळत नाही, बसलेल्याला मिळतो.

पश्चिमेकडे कोयनेच्या खोऱ्यात, महाबळेश्वरच्या झाडीत नेफिला दिसते, जायंट वूड स्पायडर. मादीचं नुसतं शरीरच तीन ते पाच सेंटिमीटर, पाय वेगळे. जाळं दोन झाडांच्या मधे, माणसाच्या डोक्यावर, आणि धागे सोनेरी पिवळे. त्याच जाळ्याच्या वरच्या भागात पाच-सहा मिलिमीटरचे तांबूस कोळी दिसले तर ती पिल्लं नव्हेत, तिचे नर आहेत. मादी आणि नर एकाच फोटोत घेता आले तर आकारातला फरक पाहणाऱ्याला सांगावा लागत नाही. पूर्वेला माण-खटावच्या कोरड्या माळावर मात्र वेगळं जग आहे. तिथे बाभळीच्या फांद्यांवर धुळकट, गच्च विणलेले गोळे दिसतात. आत एकत्र राहणारे सामाजिक कोळी असतात, एकाच घरट्यात कितीतरी.

कासला जायचं असेल तर शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत हे पठार आलं. फुलांच्या हंगामात प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क ठरलेलं असतं, तिथे आखलेल्या वाटेवरूनच फोटो घ्यायचे. एका जाळ्यासाठी फुलांच्या ताटव्यात पाय टाकणं कुठल्याही फोटोने भरून निघत नाही. कोयना अभयारण्य किंवा चांदोलीच्या हद्दीत वन विभागाची परवानगी घेऊनच जा.

शेतात शिरण्याआधी विचारायचं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

“मामा, बांधावरनं जरा फोटो काढू का?”

“कशाचं?”

“कोळ्याच्या जाळ्याचं.”

“काढा की. पर शाळू तुडवू नका. वरल्या बांधाला लई हैत बघा, तिकडं जावा.”

विचारल्याचा हा फायदा. रोज त्या बांधावरून जाणाऱ्या माणसाइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

जाळं: उभं कुठे राहायचं

इथे घाई करू नका. जाळं सापडल्यावर कॅमेरा लगेच डोळ्याला लावायचा नाही. हात मागे बांधून त्याच्याभोवती अर्धवर्तुळात फिरा, दोन-तीन हातांचं अंतर ठेवून. सूर्य पाठीशी असताना जाळं जवळजवळ नाहीसं होईल. तसेच फिरत फिरत अशा जागी या की सूर्य तुमच्या समोर पण थोडा बाजूला आहे आणि जाळं तुमच्या व सूर्याच्या मधे आहे. एका ठरावीक कोनात धागे अचानक पेटतील. बारीक धागा आपल्यावर पडलेला उजेड बराचसा पुढच्या दिशेला विखुरतो, मागे फार थोडा परतवतो, म्हणून असं होतं. तो कोन सापडला की पायाखाली खूण करा.

आता दुसरं काम. त्याच जागेवरून जाळ्याच्या मागे काय दिसतंय ते बघा. आकाश असेल तर तो कोन वाया गेला. खाली बसा, म्हणजे दृष्टी वर जाईल आणि मागे झाड येईल. किंवा उभे राहा, म्हणजे मागे जमिनीवरची सावली येईल. अनेकदा फक्त एक वीत वर-खाली झाल्याने पाठीमागे काळोख मिळतो. मागची वस्तू जितकी लांब, तितकी ती धूसर होते आणि जाळं सुटं उठून दिसतं.

सूर्य समोर असताना अंधार कुठून आणायचा, असा प्रश्न पडेल. सूर्याच्या आणि तुमच्या मधे जे काही उंच आहे त्याची तुमच्याकडची बाजू सावलीतच असते. झाडाचं खोड, घराची भिंत, डोंगर. इथे सातारकर नशीबवान आहे. किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे आणि हिवाळ्यात सूर्य पूर्वेपेक्षा बराच आग्नेयेकडे सरकून उगवतो. म्हणून अजिंक्यताऱ्याचा शहराकडचा उतार सकाळी उशिरापर्यंत सावलीत राहतो. पायथ्याशी उभं राहून आग्नेयेकडे बघा: मागे काळा डोंगर, पुढे धारेवरून आलेल्या पहिल्या उन्हात जाळं. संध्याकाळी हाच प्रकार यवतेश्वरच्या पायथ्याला मिळतो. तो डोंगर शहराच्या पश्चिमेला, सूर्य त्याच्यामागे जातो आणि आपल्याकडचा उतार आधी काळवंडतो. या दोन जागांवर सूर्य डोंगरामागे जायच्या किंवा धारेवर यायच्या वेळेची पंधरा-वीस मिनिटं मोलाची.

धुक्यात वेगळं होतं. कासला किंवा महाबळेश्वरला धुकं उतरलं की उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली उरत नाही आणि मागे पांढरा पडदा. मग ओला जांभा खडक, कारवीचं दाट रान, करवंदीची जाळी असं काहीतरी गडद शोधून त्याच्यासमोरचं जाळं घ्यायचं. धुक्याचे बारीक थेंब धाग्यांवर बसलेले असतात, त्यामुळे ऊन नसलं तरी जाळं उठून दिसतं. मला स्वतःला हे फोटो उन्हातल्या फोटोंइतकेच आवडतात. त्यात रंग कमी असतो, पण विणीचा प्रत्येक टाका मोजता येतो.

त्या विणीबद्दल थोडं. गोल जाळं विणताना कोळी आधी चौकट आणि मधून बाहेर जाणाऱ्या आऱ्या टाकतो. मग मधून बाहेर विरळ विणीचं तात्पुरतं वलय, आणि शेवटी बाहेरून आत येत चिकट धाग्याचं दाट वलय. आत येताना तो आधीचं तात्पुरतं वलय काढून टाकतो. चिकट धाग्यावर डिंकाचे अतिसूक्ष्म थेंब असतात, आऱ्यांवर नसतात. म्हणून तिरप्या उन्हात वलयं आऱ्यांपेक्षा जास्त चमकतात आणि रंगही प्रामुख्याने वलयांवरच दिसतात. हे माहीत असलं की फोकस कशावर करायचा ते ठरवता येतं: वलयांवर.

उन्हाकडे कॅमेरा करताना लेन्सवर थेट ऊन पडलं तर सगळा फोटो फिकट होतो. सोबत्याला टोपीची सावली लेन्सवर धरायला सांगा. आणि डीएसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या काचेतून) सूर्याकडे कधीही बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

मोबाइलवर

मोबाइलचा फोकस जाळ्यातून आरपार जाऊन मागच्या झाडावर बसतो. उपाय: जाळ्याच्या शेजारी, तितक्याच अंतरावर, जाळ्याला न लावता आपला पंजा धरा. पंजावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होईल. पंजा काढा, मोबाइल जागचा हलवू नका, आणि एक्स्पोजरची रेघ खाली ओढत जा. मागचा भाग काळा होऊन धागे तेवढे उजळ राहिले की बटण दाबा. बहुतेक जण इथे पुरेसं खाली ओढत नाहीत. स्क्रीनवर फोटो जरा जास्तच काळा वाटला तरी चालेल.

झूमची दुसरी लेन्स असेल तर दोन पावलं मागे सरून ती वापरा. मॅक्रो मोडमध्ये मोबाइल इतका जवळ न्यावा लागतो की त्याची सावलीच कोळ्यावर पडते.

कॅमेऱ्यावर

पूर्ण जाळं घ्यायचं असेल तर कॅमेऱ्याचं तोंड जाळ्याच्या पृष्ठभागाला अगदी समांतर हवं. जाळं बऱ्याचदा थोडं तिरकं कललेलं असतं आणि कोळी खालच्या बाजूला लटकलेला असतो, त्यामुळे कॅमेराही तितकाच कलवा. एफ/८ (लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा मोठा तितकं भोक लहान), शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ४०० ते ८००, इथून सुरुवात करा. मागे गडद असल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे आणि तो फोटो उजळ करून धागे जाळून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) उणे एकवर न्या, गरज पडली तर उणे दोनवर.

धाग्यांवरचे रंग हवे असतील तर उलट करा. लेन्स पूर्ण उघडा, एफ/२.८ किंवा ४. जाळ्याचा एक छोटा भाग फोकसमध्ये ठेवा आणि बाकीचा धूसर होऊ द्या. धूसर झालेल्या धाग्यांचे रुंद रंगीत पट्टे होतात. अर्धा इंच डावी-उजवीकडे सरकलात तरी निळ्याचा तांबडा होतो, म्हणून एका जागी खिळून राहू नका.

कोळी अगदी जवळून घेताना फोकस हाताने करा. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर) खऱ्या आकाराची येईल इतक्या जवळ गेलात, तर एफ/८ लाही फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम एक मिलिमीटर असते. रिंग फिरवत बसण्यापेक्षा फोकस एका अंतरावर बांधून ठेवा, कोपर गुडघ्यावर टेकवा आणि श्वासाबरोबर अंग किंचित पुढेमागे होऊ द्या. डोळे स्पष्ट होताक्षणी ओळीने चार-पाच फोटो घ्या. एफ/१६ च्या पुढे जाण्यात लाभ नाही, सगळाच फोटो मऊ पडतो. वाऱ्याची झुळूक आली तर थांबा. पहाटेचा वारा सलग नसतो, झुळकांच्या मधे काही क्षण जाळं अगदी स्थिर होतं.

जाळं न विणणारे

घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर दिवसा उड्या मारत फिरणारा छोटा कोळी म्हणजे जंपिंग स्पायडर. हा जाळं विणून शिकार करत नाही, डोळ्यांनी हेरून झडप घालतो. म्हणून त्याला उजेड हवा असतो, आणि म्हणूनच नैसर्गिक उजेडात काम करणाऱ्याला तो सगळ्यात सोयीचा. समोरचे दोन मोठे डोळे तुमच्यावर रोखून तो वळून बघतो. त्या क्षणी कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असला पाहिजे, वरून घेतलेला फोटो नुसती पाठ दाखवतो. सकाळी आठ ते दहा, व्हरांड्याच्या सावलीत, जिथे समोर मोकळं आकाश आहे, तिथे फोटो घ्या. आकाशाचं प्रतिबिंब त्या डोळ्यांत उतरतं आणि चेहऱ्याला जीव येतो. खालून वहीचं पान धरलं की हनुवटीखालचे केसही दिसतात.

हे काम दसरा काढायच्या आधी उरकून घ्या. नवरात्राच्या आधी आपल्याकडे जळमटं काढून घर धुवून निघतं, मग माडीवरचे पायांनी लांबुडके फोल्कस आणि कोनाड्यातली मोठी, चपटी हंट्समन काही दिवस दिसेनाशी होतात. घरातल्यांना सांगून जिन्याखालचा एखादा कोपरा राखून ठेवता आला तर फारच चांगलं. माझ्या आईने दरवर्षी एक कोपरा सोडला आहे.

फुलांवर क्रॅब स्पायडर शोधायची एक खूण सांगते. एखादं फुलपाखरू किंवा माशी फुलावर बराच वेळ न हलता, विचित्र कोनात लटकलेली दिसली तर तिच्याखाली बघा. पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळ्यांत त्याच रंगाचा कोळी तिला धरून बसलेला असतो. काही जातींच्या माद्या पांढऱ्याच्या पिवळ्या होऊ शकतात, पण त्याला दिवस लागतात. पांढऱ्या फुलावरचा पांढरा कोळी घेताना बटर पेपरची सावली करा, नाहीतर थेट उन्हात दोन्ही एकच डाग होतात.

जमिनीवर पाठीवर पिल्लांचा गठ्ठा घेऊन पळणारी वुल्फ स्पायडर मादी दिसली तर पाठलाग करू नका. हादऱ्याने पिल्लं खाली पडतात. तिच्या वाटेच्या पुढे जाऊन आडवे व्हा आणि ती येईपर्यंत थांबा.

काय करायचं नाही

जाळ्यावर स्प्रेने पाणी मारू नका. दवाचा आभास होतो, पण चिकट धाग्यावरचा डिंक हवेतला ओलावा धरून ठेवणाऱ्या क्षारांमुळे काम करतो, आणि पाणी मारून तो धुतला गेला की ते जाळं कोळ्याच्या पोटापाण्याच्या कामाचं राहत नाही. पीठ, पावडर तर मुळीच नाही. मधे आलेली काडी तोडण्याआधी तिच्यावर आधाराचा धागा बांधलेला नाही ना ते बघा. बहुतेक वेळा असतो. अशी काडी सुतळीने हलकेच बाजूला ओढून धरावी आणि नंतर सोडून द्यावी.

आर्जिओपी जाळं जोरजोराने हलवू लागली तर ती घाबरली आहे. मागे सरा. तरी पुढे गेलात तर ती धाग्यावरून थेट खाली गवतात जाते. मग तिची अख्खी सकाळ वाया आणि तुमचीही.

कोळी हाताळायचा नाही. आपल्याकडच्या बहुतांश कोळ्यांपासून माणसाला धोका नाही. खरी काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टींची. फोटोच्या नादात आपण गुडघे टेकतो तिथे दगडाखाली फुरसं असू शकतं, गवतात घोणस असू शकते. हात टेकवण्याआधी काठीने जागा आपटून बघा, पायात बूट असू द्या. कास-बामणोलीच्या बाजूला पहाटे गवे रस्त्यावर असतात, त्यामुळे उजाडेपर्यंत गाडीतून उतरू नका आणि एकट्याने जाऊ नका.

घरी आल्यावर

ओळख पटवायला एक देखणा फोटो पुरत नाही. प्रत्येक कोळ्याचे किमान चार घ्यायची सवय लावा: पाठ, पोटाची बाजू, समोरून डोळे, आणि पूर्ण जाळं भोवतीच्या झाडासकट. डोळ्यांची मांडणी बघून कुळ कळतं, कारण आठ डोळ्यांच्या ओळी कुळागणिक वेगळ्या असतात. आर्जिओपीसारख्यांच्या पोटाखालची नक्षी पाठीपेक्षा वेगळी असते आणि पुष्कळदा तीच उपयोगी पडते. जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन ती घेता येते, कोळ्याला हलवावं लागत नाही.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलेत तर जाणकार नाव सुचवतात. नाव वंशापर्यंत, म्हणजे जातीच्या एक पायरी वर, येऊन थांबलं तर नाराज होऊ नका. कित्येक कोळ्यांची नेमकी जात सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहिल्याशिवाय ठरत नाही, ते काम फोटोचं नव्हेच. तुमच्याकडून मिळणारी माहिती तरीही मोलाची असते: तारीख, वेळ, गाव, कुठल्या झाडावर, जमिनीपासून किती उंच, जाळं उभं की आडवं. हे तिथल्या तिथे मोबाइलमध्ये बोलून ठेवा. उजेडाचंही टिपा, सूर्य कुठल्या बाजूला होता आणि मागे काय होतं. पुढच्या वर्षी त्याच बांधावर जाताना ही नोंद सगळ्यात आधी उघडली जाते.